बाळाच्या अंगावरची संशोधन-उपकरणं : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या कपड्यात बसवून त्याची हालचाल, आवाज वगैरे टिपणाऱ्या उपकरणांबद्दलचे हे प्रश्न तीन तऱ्हेच्या लोकांकडून येत राहतात: इंजिनिअरिंगची मुलं, गणवेश-शिलाईचे युनिटवाले आणि बालरोग किंवा फिजिओथेरपी विभागातले संशोधक. अधूनमधून एखादी आजीही विचारते, आणि तिचे प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात नेमके असतात. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायला नको म्हणून प्रश्नांना आकडे दिले आहेत.

१. हे उपकरण म्हणजे नेमकं काय? बाळाचं स्मार्टवॉच?

नाही. मनगटावर, पडद्यासकट, असं यात काहीच नसतं. मोठ्या बटणाएवढ्या डबीत हालचाल मोजणारा सेन्सर, थोडी मेमरी आणि छोटी बॅटरी असते. अशा एक ते चार डब्या बाळाच्या कपड्यात खिसा करून बसवतात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या गटाने ‘माइजू’ नावाचा अंगरखा केला आहे. त्यात दोन्ही दंडांवर आणि दोन्ही मांड्यांवर मिळून चार सेन्सर असतात. अमेरिकेतली ‘लीना’ ही दुसऱ्या जातीची: छातीवरच्या खिशात छोटा रेकॉर्डर, तो १६ तासांपर्यंत घरातलं बोलणं टिपतो. हृदयाचे ठोके, श्वास किंवा बाळाच्या डोक्यावरचा कॅमेरा असेही प्रकार आहेत. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने हालचालीपासूनच सुरुवात करावी.

२. डॉक्टर बघून सांगतातच की. मग मोजायचं कशाला?

डॉक्टर बघतात ती दहा-वीस मिनिटं. तेवढ्यात बाळ झोपलेलं असतं, भुकेलेलं असतं, नाहीतर स्टेथोस्कोप पाहून रडत असतं. घरी दिवसभरात ते किती वेळा पालथं पडतं, एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी हलवतं का, बसल्यावर किती वेळ टिकतं, हे दवाखान्यात दिसत नाही.

शिवाय ‘नॉर्मल’चा पल्ला फार रुंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून टप्पे प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. एवढ्या रुंद पल्ल्यात ‘आलं की नाही’ यापेक्षा ‘कसं येतंय’ याला जास्त किंमत आहे, आणि ते कळायला तासन्तासांची नोंद लागते. पहिल्या काही महिन्यांत तर बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींची लयच मेंदूबद्दल बरंच सांगते. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळात साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सगळ्या अंगभर बारीक, नाजूक हालचाली दिसाव्या लागतात. त्या न दिसणं ही सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्याच्या) धोक्याची महत्त्वाची खूण मानली जाते.

३. आमचा सर्किट बोर्ड तयार आहे. आता कपडा शिवून घेतला की झालं ना?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि दर महिन्याला आम्ही तेच उत्तर देतो: उलटं करा. आधी झबलं, मग चिप.

सेन्सर कितीही महागडा असला तरी तो कापडाची हालचाल मोजतो, हाडाची नाही. खिसा सैल असेल तर बाळाने पाय झटकल्यावर डबी खिशात वेगळीच डुलते आणि नोंदीत एका झटक्याचे तीन दिसतात. हे नंतर सॉफ्टवेअरने निस्तरता येत नाही. कपडा घट्ट केला तर बाळ रडतं, आई काढून टाकते आणि नोंदच होत नाही. म्हणून आधी डबीच्या आकाराचे, तेवढ्याच वजनाचे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे बिनकामाचे ठोकळे करून घ्या. ते कपड्यात बसवून आधी बाहुलीवर पाहा. मग नैतिकता समितीची (प्रश्न १६) परवानगी घेऊन आणि आईला समोर बसवून बाळावर पाहा. आईने तो कपडा किती सहज घातला-काढला, दुसऱ्या दिवशी स्वतःहून घातला का, एवढं कळलं की बोर्डाचा आकार आपोआप ठरतो. बोर्ड गोल हवा की लांबट, बॅटरी वर हवी की शेजारी, हे कॉलेजच्या लॅबमध्ये बसून ठरवायची गोष्ट नाही.

४. सोलापुरात टॉवेल आणि चादरीचं कापड मुबलक आहे. तेच वापरलं तर?

टेरी टॉवेलच्या कापडात बाळाची बोटं धाग्यांच्या फासात अडकतात. चादरीचं विणकाम उभ्या-आडव्या धाग्यांचं, त्यात ताण नाही. दोन्ही कापडं आपापल्या जागी उत्तम आहेत, भौगोलिक मानांकनही मिळवून आहेत, पण ती यासाठी नाहीत.

इथे लागतं होजिअरीचं कापड: सुती इंटरलॉक, १६० ते १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), सोबत साधारण पाच टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा. ते तमिळनाडूतल्या तिरुपूरहून मागवावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोलापूरची खरी ताकद शिलाईत आहे. गणवेशाच्या धंद्याने इथे जे कटिंग मास्तर आणि ओव्हरलॉक-फ्लॅटलॉक मशिनवर हात बसलेले कारागीर तयार केले आहेत, ते पन्नास नगांच्या कामालाही उभे राहतात. मोठ्या निर्यात युनिटकडे पन्नास नग घेऊन गेलात तर चहा मिळतो, तारीख मिळत नाही.

कापड घेताना धुलाईनंतरचं आकसणं तपासाच. आकसलेल्या कपड्यात सेन्सरची जागा दोन बोटं वर सरकते आणि पहिल्या महिन्याची नोंद दुसऱ्या महिन्याच्या नोंदीशी जुळत नाही. रंग फिका घ्या आणि तो लाळेला सुटत नाही याचं प्रमाणपत्र मागा, कारण बाही तोंडात जाणारच. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० या कापडातल्या घातक रसायनांच्या तपासणीच्या मानकात तीन वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळा पहिला वर्ग आहे. पुरवठादाराकडे त्याच वर्गाचं प्रमाणपत्र आहे का, ते पाहा.

५. कारागिराला नेमकं काय सांगायचं?

‘बाळाचा बॉडीसूट शिवा’ एवढं सांगितलं तर तुम्हाला बाजारात मिळतो तसा सुंदर बॉडीसूट मिळेल. आम्ही सांगतो ते असं.

शिवण बाहेरच्या बाजूला. कारागीर आधी हसतात, ‘उलटा शिवलाय म्हणतील’ म्हणतात. पण दिवसभर घालायच्या कपड्यात आतली शिवण बाळाच्या काखेत वळ उठवते. लेबलही बाहेर, नाहीतर छापील. गळ्याला नाडी नाही, बंद नाही. आपल्या जुन्या झबल्याला मानेमागे बंद असतात हे खरं, पण लहान मुलांच्या कपड्यांच्या युरोपीय मानकात सात वर्षांखाली गळ्याशी आणि टोपीला नाडी चालत नाही, आणि त्याला कारण गळफासाचं आहे. पुढून गळ्यापासून मांडीपर्यंत टिचबटणं, म्हणजे डोक्यातून कपडा ओढावा लागत नाही आणि लंगोट बदलताना पूर्ण उघडावाही लागत नाही. टिचबटणं प्लॅस्टिकची घ्या. धातूची घ्यायची तर निकेल न सुटणारी.

खिसा हा खरा कसोटीचा भाग. तो दंडाच्या आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला. छाती-पोटावर नको, बाळ पालथं पडतं. पाठीवर नको, ते उताणं झोपतं. खिशाचं तोंड कपड्याच्या बाहेर, वरून झाकण, आणि झाकणाला बाळाच्या बोटांनी उघडणार नाही असं बंद. खिशाचं कापड अंगाच्या कापडापेक्षा कमी ताणाचं ठेवा आणि ते आडव्या ताणाच्या दिशेने कापू नका. एवढ्या एका सूचनेने डबीचं डुलणं निम्म्यावर येतं. उजव्या-डाव्या खिशाला आतून वेगळ्या रंगाची पट्टी लावा, डब्यांनाही त्याच रंगाचे ठिपके. उजवा-डावा अदलाबदल झालेली नोंद दिसायला अगदी शहाण्यासारखी दिसते, म्हणून ती पकडणं अवघड.

मापं महिन्यांवर ठरवू नका, लांबीवर ठरवा. दुकानातला ‘सहा महिने’ हा शिक्का आपल्याकडच्या कमी वजनाच्या बाळाला ढगळ होतो.

६. डबी किती मोठी, किती जड चालेल?

वजनाचा हिशोब असा करा. तीन किलोच्या बाळाच्या पायावर चार ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या पायावर ऐंशी ग्रॅम. वजन फार वाढलं की पायाची हालचालच बदलते, आणि आपण मोजतोय ती बाळाची हालचाल की आपल्या डबीचा परिणाम, हे सांगता येत नाही. बाळ जेवढं लहान तेवढी डबी हलकी.

आकाराला मात्र खालूनही मर्यादा आहे. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्याचा तळ तिरका असतो, खोली २५.४ ते ५७.१ मिमी. कोणताही तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. भारतीय मानक आयएस ९८७३ मध्येही हीच कसोटी आहे. तुमचं उपकरण कायद्याने खेळणं नसेल, पण बाळाच्या तोंडाला तो फरक कळत नाही. म्हणून डबी पसरट करा: ३५ मिमीहून थोडी मोठी, पण पातळ. आणि डबी फुटली तर आतले तुकडे त्या नळकांड्यात जातील, हे लक्षात ठेवून डबी न फुटणारी करा. त्यासाठी प्रश्न ९ पाहा. टिचबटणं आणि झाकणं ओढूनही तपासावी लागतात. युरोपीय खेळणी-मानकात ६ मिमीपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटन ओढ लावतात, म्हणजे जवळपास नऊ किलो वजन टांगल्यासारखी. सामानाचा काटा असेल तर घरीही अंदाज घेता येतो.

७. बटण-सेल स्वस्त आणि सोपा आहे. तोच का नको?

नको म्हणजे नको. २० मिमीची लिथियम बटण-सेल अन्ननलिकेत अडकली तर ओल्या भिंतीतून वीज वाहते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. सेल जुनी, ‘संपलेली’ असली तरीही. आम्ही बाळाच्या वस्तूत बदलता येणारी बॅटरी ठेवतच नाही. डबीत कायमची बंद केलेली, संरक्षक सर्किटसह लिथियम-पॉलिमर बॅटरी घ्या, आयएस १६०४६ खाली नोंदणी असलेली. १०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि सरासरी पाच मिलिअँपिअर खर्च धरला तर वीस तास निघतात. एका दिवसाला ते पुरेसं आहे.

चार्जिंग अंगावर असताना होताच कामा नये. चार्जर लागला की नोंद बंद, असं फर्मवेअरमध्येच, म्हणजे डबीतल्या प्रोग्राममध्येच लिहा. ‘आईला सूचना दिली होती’ हे उत्तर कोणतीही समिती ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

८. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे गरम होणार नाही का? बाळाला उकडेल त्याचं काय?

उकडतंच. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. इथलं बाळ दुपारी लंगोटावर असतं आणि ते बरोबरच आहे. फिनलंडमधला पूर्ण बाह्यांचा अंगरखा जसाच्या तसा आणून घालणं म्हणजे बाळाचे हाल. आम्ही उन्हाळ्यासाठी वेगळा कट करतो: बाही दंडाच्या मध्यापर्यंत, पाय मांडीच्या मध्यापर्यंत, पाठीला आणि काखेत जाळीचं कापड. खिशांच्या जागा मात्र हिवाळी कपड्याशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकात शरीराला लागणाऱ्या भागासाठी साधारण ४१ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरतात. थंड देशात खोली २२ अंशांची असते, उपकरण पाच-सात अंशांनी तापलं तरी कुणाला कळत नाही. आपल्याकडे खोलीच ४० ची असली तर तीच पाच-सात अंशांची वाढ थेट धोक्याच्या पुढे जाते. म्हणून डबीने आसपासच्या हवेपेक्षा दोन अंशांहून जास्त तापू नये, आत तापमान-सेन्सर असावा आणि ठरवलेल्या आकड्यापुढे सगळं आपोआप बंद व्हावं. खोली ३८ अंशांच्या वर गेली की आम्ही नोंद घेतच नाही. मग सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ उरतो, तो घ्यावा. लिथियम-पॉलिमर बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, हेही उन्हाळ्यातल्या घरात सांगून ठेवावं लागतं.

९. डबी थ्रीडी प्रिंटरवर काढली तर चालेल?

मापं बघायला चालेल, बाळाच्या अंगावर नाही. रेझिनच्या प्रिंटमध्ये न वाळलेलं रसायन उरतं, ते त्वचेला झोंबतं. थरांच्या प्रिंटमध्ये फटी असतात, त्यात लाळ, दूध आणि तेल साठतं. वीस-पन्नास नगांसाठी इंजेक्शनचा साचा पाडणं परवडत नाही, म्हणून सिलिकॉनच्या साच्यात ओतकाम करा: आधी बोर्ड आणि बॅटरी कडक कवचात, त्यावर त्वचेला चालणाऱ्या सिलिकॉनचा एकसंध थर. स्क्रू नाही, सांधा नाही, उघडता येत नाही. बिघडली तर फेकायची. कच्च्या मालाला आयएसओ १०९९३ मालिकेतल्या त्वचा-चाचण्या झालेल्या असाव्यात, आणि तो कागद पुरवठादाराकडून आधी घ्यावा. माल आल्यावर कागद येत नाही.

१०. सेकंदाला किती वेळा मोजायचं? मेमरी किती लागेल?

हालचालीला सेकंदाला ५० च्या आसपास नोंदी पुरतात. हेलसिंकीचा अंगरखा ५२ हर्ट्झवर चालतो. चार सेन्सर, प्रत्येकी सहा अक्ष, प्रत्येक आकड्याला दोन बाइट: सेकंदाला सुमारे अडीच हजार बाइट, तासाला नऊ मेगाबाइट, आठ तासांना ७२. म्हणजे काहीच नाही. आवाज मात्र १६ किलोहर्ट्झला तासाला ११५ मेगाबाइट खातो. हृदयाच्या विद्युत आलेखाला २५० हर्ट्झच्या खाली जाऊ नका. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला सव्वाशे-दीडशेच्या घरात असतात आणि दोन ठोक्यांमधला बारीक फरकच आपल्याला हवा असतो.

११. ब्लूटूथच्या रेडिएशनने बाळाला काही होईल का?

आजीचा प्रश्न, आणि तो टाळू नये. या डब्यांचं ब्लूटूथ साधारण एक मिलिवॉटवर चालतं. मोबाइल लांबच्या टॉवरशी बोलताना दोनशे मिलिवॉटपर्यंत जातो, आणि तो बाळाच्या उशाशीच ठेवलेला असतो. तरीही आम्ही नोंद चालू असताना ब्लूटूथ बंदच ठेवतो: माहिती डबीत साठते आणि कपडा काढल्यावर उतरवून घेतली जाते. त्यामुळे बॅटरी वाचते, मध्येच संपर्क तुटून नोंदीला भोकं पडत नाहीत, आणि आजीला ‘बाळाच्या अंगावर असताना ते बंद असतं’ असं खरंखुरं सांगता येतं.

१२. चारही सेन्सरच्या घड्याळांत फरक पडतो. काय करायचं?

पडणारच. घड्याळाचा साधा क्रिस्टल दहा लाख सेकंदांत वीस सेकंदांनी चुकतो, म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद. एक पुढे, दुसरा मागे गेला तर तासाभरात १४४. आठ तासांनी उजवा पाय डाव्याआधी हलला की नंतर, हेच सांगता येत नाही. उपाय जुनाच आहे: कपड्यात घालण्याआधी चारही डब्या एका मुठीत धरून टेबलावर तीनदा आपटा, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर. काढल्यावर पुन्हा तीनदा. दोन्ही टोकं मिळाली की मधला वेळ सरळ रेषेत ताणून बसवता येतो. शेवटचं आपटणं सगळे विसरतात, म्हणून ते पिशवीवरच लिहून ठेवा.

१३. तेल, शेक, धुरी, वाळे, करदोडा: घरच्यांना हे सगळं थांबवायला सांगायचं का?

अजिबात नाही. आपण घरात पाहुणे आहोत. आणि बाळाचं रोजचं आयुष्य मोजायला जाऊन तेच बदलून टाकलं तर मोजलं काय?

हृदयाचे ठोके टिपायचे असतील तर तेलाने चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड टिकत नाहीत. म्हणून सोलापुरात पहिले काही महिने कपड्यातले कोरडे इलेक्ट्रोड वापरा किंवा नोंद अंघोळीनंतर तासाभराने सुरू करा. न्हाऊ घालणाऱ्या बाईंची वेळ विचारून घ्या, अख्ख्या घराचं वेळापत्रक त्यांच्यावर चालतं. शेक-शेगडीच्या वेळी कपडा काढलेलाच असतो, पण तो शेगडीजवळ ठेवला जाणार नाही हे पाहा, आत बॅटरी आहे.

वाळ्यांचं मात्र डिझाइनमध्येच बघावं लागतं. परदेशातल्या बऱ्याच अभ्यासांत सेन्सर घोट्यावर असतो. आपल्याकडे घोट्यावर चांदीचे वाळे असतात, त्यांना घुंगरू असतात, आणि प्रत्येक हालचालीला वाळा डबीवर आपटतो. नोंदीत तो टोकदार काटा दिसतो. ‘वाळे काढा’ म्हटलं तर बारशाला मामाने घातलेले वाळे कुणी काढत नाही, आणि का काढावेत? सेन्सर मांडीवर न्या. करदोड्याचा काही त्रास नाही.

१४. बाळ अर्धा दिवस झोळीत असतं. ती नोंद फुकट जाते का?

फुकट जात नाही, पण न ओळखता वापरली तर घात करते. विडी वळणाऱ्या घरात हे रोजचंच: समोर सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, शेजारी झोळी, आणि झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला. हात विड्यांवर, पाय झोक्यावर. बाळ गाढ झोपलेलं, आणि सेन्सर सांगतो की बाळ भलतंच चळवळं आहे.

झोळीचा झोका लंबकासारखा असतो, त्यामुळे त्याची गती दोरीच्या लांबीवर ठरते. दीड मीटरला एका झोक्याला सुमारे अडीच सेकंद, म्हणजे ०.४ हर्ट्झ. इथपर्यंत ठीक. पण एका झोक्यात झोळी तळातून दोनदा जाते आणि प्रत्येक वेळी ताण वाढतो, म्हणून ०.८ हर्ट्झलाही खूण उमटते. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६०, म्हणजे ०.५ ते १ हर्ट्झ. कपड्यातल्या सेन्सरवरून श्वास काढायचा तुमचा बेत असेल तर झोळी बरोबर त्याच जागी येऊन बसते, आणि तुमचा प्रोग्राम झोळीचा श्वास मोजून मोकळा होतो.

उपाय सोपा आहे. पाचवी डबी झोळीच्या काठाला शिवलेल्या खिशात ठेवा. झोळीची खूण चारही सेन्सरवर आणि पाचव्यावर एकाच वेळी येते. बाळाचा पाय हलला तर तो एकावरच. तेवढ्यावरून दोन्ही वेगळं काढता येतं. झोळीतली झोप किती, जमिनीवरचा वेळ किती, हे तर संशोधनाच्या दृष्टीने सोनंच आहे, कारण पालथं पडायला आणि रांगायला जमीन लागते. हीच युक्ती स्कूटरवरच्या प्रवासाला आणि मांडीवर थोपटण्याला तेवढी लागू पडत नाही. तिथे डायरी ठेवावी लागते.

१५. आवाज टिपायचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू, मराठी, हिंदी सगळं चालतं, आणि शेजारी मागही.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात बोलण्याची नोंद वाचत नाही. कारखाना घरालगत असेल तर माग बंद असण्याच्या वेळा शोधा. तसं जमत नसेल तर त्या घरात हालचालच मोजा. भाषेचं म्हणाल तर, लीनासारख्या पद्धती शब्द ओळखत नाहीत, आवाजाच्या घाटावरून मोठ्यांच्या शब्दांचा अंदाज करतात. तो अंदाज अमेरिकन इंग्रजीवर बसवलेला आहे. तेलुगूचे लांब शब्द त्यात कसे मोजले जातील, हे धरून चालू नका. काही तासांची नोंद माणसांकडून मोजून घेऊन ताडून पाहा. संवादाच्या देवाणघेवाणीची मोजणी भाषेवर त्या मानाने कमी अवलंबून असते. खासगीपणाचं प्रश्न १७ मध्ये.

१६. कोणकोणत्या परवानग्या लागतात?

पहिली, नोंदणीकृत नैतिकता समितीची. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, त्यात मुलांवरच्या संशोधनासाठी वेगळी पुस्तिकाच आहे. ती वाचूनच अर्ज लिहा. इंजिनिअरिंग कॉलेजात समिती नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या सहसंशोधकामार्फत जा. ‘फक्त टेस्टिंग आहे’ म्हणून चुलतभावाच्या बाळावर कुणी प्रयोग करू नये.

दुसरी, उपकरणाचा हेतू. निव्वळ अभ्यासासाठी मोजमाप असेल तर गोष्ट वेगळी. निदान किंवा देखरेखीचा दावा आला की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही एमडी-१३ हा परवाना लागतो, आणि क्लिनिकल तपासणीच्या परवानगीसाठी एमडी-२२ नमुन्यात अर्ज. तुमचं उपकरण कुठल्या बाजूला पडतं, हे प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात लेखी ठरवून घ्या. बाजारात आणताना ब्लूटूथसाठी दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यताही लागते. मान्यता असलेला तयार मॉड्यूल घेतला तर बरीच दगदग वाचते.

१७. संमती कुणाची? सही आईने केली की झालं?

कागदावर पालकाची सही पुरते, घरात पुरत नाही. सासूबाईंना पटलं नसेल तर कपडा खुंटीवरच राहतो. सगळ्यांना एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत, डबी हातात देऊन सांगा. आवाज टिपणार असाल तर शेजारीण, दूधवाला, भांडणं, सगळं टिपलं जाणार हे स्पष्ट सांगा. कुणालाही दाबता येईल असं ‘थांबा’ बटण द्या आणि नको तो तास पुसून मागायचा हक्क द्या, कारण न विचारता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या सगळ्यांना मूलच धरलं आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. संशोधनाला काही सवलती आहेत, पण त्यांच्या आडोशाला राहून ढिलाई करू नका. डबीवर बाळाचं नाव नको, आकडा पुरे.

१८. मूळ प्रश्न: बाळाचा श्वास थांबला तर हे वाजेल का?

नाही, आणि हे संमतीपत्रात मोठ्या अक्षरांत हवं. हे राखणदार नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्ससुद्धा सांगते की अचानक बालमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती हृदय-श्वास मॉनिटरवर विसंबू नये. उपकरण आहे म्हणून घरच्यांनी डोळा काढून घेतला तर आपण अपायच केला. रोजचे आकडेही घरी देऊ नका. ‘शेजारच्या बाळाचे जास्त आले’ इथून सुरुवात होते आणि कुठे संपते ते सगळ्यांना माहीत आहे. खरोखर काळजीचं काही दिसलं तर काय करायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असावं: अभ्यासातला बालरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासणार, आणि गरज पडली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्राकडे पाठवणार.

१९. बाळंतीण माहेरी, नोंदणी सासरच्या पत्त्यावर. पाठपुरावा कसा करायचा?

पहिलं बाळंतपण माहेरी हे गृहीतच धरा. माहेर अक्कलकोटला असेल, विजयपूर नाहीतर कलबुर्गीला. तीन-पाच महिन्यांनी ती सासरी येते. नेमका तोच काळ प्रश्न २ मधल्या बारीक हालचालींचा. दोन्हीकडचे पत्ते घ्या आणि भेटी आशाताईंच्या घरभेटींना जोडून ठेवा. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला त्या जातातच. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत भेट ठेवू नका, कुणी घरी सापडणार नाही.

२०. अकाली जन्मलेल्या बाळाचं वय कसं धरायचं?

चाळीस आठवड्यांपासून. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं असेल तर कॅलेंडरच्या वयातून आठ आठवडे वजा. कपड्याचं माप मात्र लांबीवर, प्रश्न ५ प्रमाणे. एनआयसीयूमधल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळाला कपड्यातलं काही घालू नका, तिथली त्वचा आणि तिथले नियम वेगळे आहेत.

२१. बाळ रांगलंच नाही, थेट उभं राहिलं. आमचा प्रोग्राम त्याला ‘मागे’ म्हणतो.

प्रोग्राम चुकतोय. प्रश्न २ मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसून सरकतं, कुणी पोटावर. प्रोग्रामला शिकवायच्या नमुन्यात असे प्रकार वेगळे नोंदवा. व्हिडिओ पाहून दोन माणसांनी एकमेकांना न विचारता नोंद करावी, जुळलं तेच पक्कं धरावं. विकासाच्या तपासणीला भारतीय मुलांवर बसवलेली डीएएसआयआय ही मोजपट्टी आहे, तिच्याशी ताडून पाहा.

२२. एका दिवसाच्या नोंदीत बाळ दुपारभर अगदी शांत, मग एकाच लयीत डुलतंय. झोळी नव्हती.

कपडा दोरीवर वाळत होता. डबी न काढता धुतला. म्हणूनच डबीत त्वचेचं तापमान ओळखणारा सेन्सर हवा, आणि ‘अंगावर आहे’ हे कळल्याशिवाय एकही तास हिशोबात धरू नये.

२३. जुळ्यांच्या घरी दोन सूट दिले. अदलाबदल झाली तर?

होणारच. आकडा लिहून उपयोग नाही. दोन ठळक, वेगळे रंग द्या, आणि कोणता रंग कुणाचा हे आईला ठरवू द्या, मग ती विसरत नाही. शंका असेल तर तो दिवस दोघांच्याही हिशोबातून काढा.

२४. डबी हरवली, कुत्र्याने चावली, पाण्यात गेली. पैसे कुणी भरायचे?

प्रकल्पाने. हे संमतीपत्रात लिहा आणि तोंडीही सांगा. नाहीतर भरपाईच्या भीतीने आई कपडा कपाटात जपून ठेवते. दर दहा नगांमागे दोन-तीन जादा धरूनच ऑर्डर द्या. चावलेली डबी मात्र परत मागून घ्या, आणि सिलिकॉनला छेद गेला असेल तर ती पुन्हा कुणाच्याही अंगावर जाऊ देऊ नका.